मामाच्या कोळंबीतला ईएचपी: हा नेमका कोण?

आजचा विषय जरा खाऱ्या पाण्यातला आहे. मागच्या वर्षी चाकणहून निगडीला परतताना कंपनीची बस नेहमीप्रमाणे तळवड्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकली होती, आणि मामाचा फोन आला. पालघरकडे त्याचं कोळंबीचं तळं आहे. "अरे, नव्वद दिवस झाले, निम्मा माल वाढतच नाही. मरतही नाही. खाद्य मात्र चालूच!" दुकानदाराने त्याला अँटिबायोटिक विकलं होतं.

तपासणीत निघाला ईएचपी. हा एकपेशीय परजीवी कोळंबीच्या पचनग्रंथीत राहतो. त्याचा बीजाणू जेमतेम एक मायक्रॉन लांब. त्यात गुंडाळलेली एक नळी असते. ती झटक्यात बाहेर फेकली जाते आणि तिच्यातून परजीवी पेशीत शिरतो. तो कोळंबीची ऊर्जा खातो, म्हणून वाढ खुंटते. अँटिबायोटिक जिवाणूंसाठी असतं, आणि हा जिवाणू नाही. मामाचे पैसे पाण्यात गेले, अगदी शब्दशः.

मग हा आहे तरी कोण? इथे माझ्यातला इंजिनिअर जागा झाला, कारण हे प्रकरण जुन्या कोडबेससारखं आहे. याचं खानदान म्हणजे मायक्रोस्पोरिडिया. 1857 मध्ये नेगेली यांनी रेशीमकिड्यातला पहिला सदस्य वर्णिला, तेव्हा त्याला यीस्टसारख्या जीवांच्या फोल्डरमध्ये टाकलं. नंतर तो आदिजीवांत, म्हणजे प्रोटोझोआत गेला. 1983 मध्ये तर, याच्याकडे मायटोकॉन्ड्रिया नाहीत म्हणून, अतिप्राचीन जीव ठरला. 2002 मध्ये मायटोकॉन्ड्रियाचे अवशेष सापडले! म्हणजे मुळात होते, परजीवी झाल्यावर झिजले. आज त्याला बुरशीचाच जवळचा नातेवाईक मानतात. दिसण्यावरून केलेलं वर्गीकरण असं फसतं. जे गमावलंय ते कधी नव्हतंच असं वाटतं.

ईएचपीचं नामकरण 2009 मध्ये थायलंडमधल्या टायगर कोळंबीवरून झालं, आणि त्याच वर्षी आपल्याकडे व्हेनामी कोळंबी पाळायला परवानगी मिळाली. पुढे हा व्हेनामीतही पसरला.

आता खरा मुद्दा. सुरुवातीची पीसीआर टेस्ट रायबोझोमच्या जनुकावर होती. ते जनुक नात्यातल्या जीवांत इतकं सारखं असतं की, खेकड्यांतल्या भाऊबंदांनाही टेस्ट 'पॉझिटिव्ह' म्हणायची. आपल्या भाषेत, रेजेक्स जरा जास्तच ढिला! म्हणून 2016 मध्ये बीजाणूच्या भिंतीतल्या प्रथिनाच्या जनुकावर नवी टेस्ट आली. चुकीच्या पॉझिटिव्हपायी चांगलं बियाणं फेकलं जातं, म्हणून हा फरक महत्त्वाचा.

औषध म्हणाल तर खात्रीचं नाही. मामाने तळं सुकवलं, हेक्टरी सहा टन कळीचा चुना मातीत नांगरला, पाणी मारलं. पीएच बाराच्या वर गेला तरच बीजाणू मरतात.

यंदा बियाणं आणताना पुन्हा फोन. "हॅचरीच्या कागदावर एन्टरोसायटोझून, लॅबच्या कागदावर एसायटोन्युक्लिओस्पोरा. हा नवीन रोग काय रे?" नाही मामा, तोच. 2023 मध्ये त्याची प्रजाती बदलली, नशिबाने लघुरूप तेच राहिलं. "मग निकाल काय लिहिलाय?" मी विचारलं. दोन्हीकडे निगेटिव्ह. टेस्ट कोणत्या जनुकावर केली, ते मात्र हॅचरीच्या कागदावर नव्हतं. मामा म्हणाला, "थांब, त्यांना फोन लावतो."