फळांच्या किण्वनासाठी पात्राची निवड : काच की प्लॅस्टिक?

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील कुंभकोणम् या नगराच्या नावातच कुंभ आहे. प्रलयाच्या वेळी अमृताने भरलेला कुंभ वाहत येऊन येथे स्थिरावला, अशी आदिकुंभेश्वर मंदिराची स्थलपुराणकथा सांगते. या नगराची पितळी भांडी दक्षिणेत प्रसिद्ध आहेत. जवळच्या नाचियारकोविल येथील पितळी समयांना भौगोलिक मानांकनही लाभले आहे. तंजावरच्या मराठी राजवटीमुळे या भागात मराठी घराणी पिढ्यानपिढ्या नांदत आली आहेत. बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ मध्ये कुंभकोणम् येथेच झाला. भांड्यांच्या या गावाचा संदर्भ घेऊन, फळप्रक्रियेत वारंवार विचारल्या जाणाऱ्या एका प्रश्नाचा येथे विचार केला आहे. फळांचा रस आंबवण्यासाठी पात्र काचेचे घ्यावे की प्लॅस्टिकचे?

पितळ व तांबे का चालत नाही?

पितळ हे तांबे व जस्त यांचे मिश्रधातू आहे. पितळेच्या भांड्यात ठेवलेले ताक किंवा आमटी 'कळकते', हे मराठी घरांत सर्वांना ठाऊक आहे. आंबट पदार्थातील आम्लामुळे धातूचा अंश अन्नात उतरतो, हेच त्यामागचे कारण होय. बहुतेक फळरसांचा सामू ३ ते ४.५ च्या दरम्यान असतो आणि किण्वन दिवसेंदिवस चालते. त्यामुळे धातू उतरण्यास भरपूर अवधी मिळतो. असा पदार्थ आरोग्यास घातक असतो. शिवाय तांब्याच्या सान्निध्यात रसाचे ऑक्सिडीकरण वेगाने होऊन रंग व वास बिघडतो. कल्हई असली तरी ती झिजते, म्हणून तिच्यावर विसंबून राहू नये. ॲल्युमिनियम व साधे लोखंडही या कामी वर्ज्य समजावे. मोठ्या वाइनरीत पोलादी टाक्या दिसतात, त्या न गंजणाऱ्या पोलादाच्या असतात. घरगुती किंवा गटाच्या पातळीवर मात्र निवड मुख्यतः काच व प्लॅस्टिक यांमध्येच करावी लागते.

प्रथम कायद्याची मर्यादा

तामिळनाडूत १९३७ चा आणि महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे. परवान्याशिवाय घरी वाइन तयार करणे या कायद्यांत बसत नाही. विस्तार कार्यकर्त्यांनी प्रशिक्षणात ही बाब आरंभीच स्पष्ट करावी. कावेरीच्या खोऱ्यातील केळी उत्पादकांना किंवा नाशिक-सांगलीच्या द्राक्ष बागायतदारांना उतरलेल्या दर्जाच्या फळांचे मूल्यवर्धन करायचे असेल, तर फळांचे व्हिनेगर म्हणजे शिरका हा विचारात घेण्याजोगा मार्ग आहे. मात्र व्हिनेगरच्या पहिल्या टप्प्यातही अल्कोहोल तयार होते. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे लेखी विचारणा करावी. विक्रीसाठी अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची नोंदणी किंवा परवानाही आवश्यक आहे. पात्राविषयीचे पुढील विवेचन परवानाधारक वाइन उत्पादक व व्हिनेगर उत्पादक या दोघांनाही लागू पडते.

पात्रात नेमके काय घडते?

यीस्ट साखरेचे रूपांतर अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड यांत करते. १८० ग्रॅम ग्लुकोजपासून सैद्धान्तिकदृष्ट्या ९२ ग्रॅम अल्कोहोल व ८८ ग्रॅम वायू मिळतो. म्हणजेच १ किलो साखरेपासून सुमारे ४९० ग्रॅम वायू तयार होतो आणि २५ अंश सेल्सिअस तापमानाला त्याचे आकारमान सुमारे २७० लिटर भरते.

एक उदाहरण घेऊ. पिकलेल्या केळीच्या गरात सुमारे २० टक्के साखर असते. ३ भाग गरात २ भाग पाणी मिसळल्यास साखरेचे प्रमाण सुमारे १२ टक्के होते. असे १५ किलो मिश्रण २० लिटरच्या पात्रात भरले, तर त्यात १.८ किलो साखर असेल. तिच्यापासून सुमारे ४९० लिटर वायू बाहेर पडेल. पात्राचे झाकण घट्ट लावल्यास काय होईल, हे या आकड्यावरून सहज लक्षात येते. प्लॅस्टिकचा कॅन फुगतो आणि तोंडाशी किंवा जोडावर फाटतो. काचेचा बुधला मात्र कोणतीही पूर्वसूचना न देता फुटतो व त्याचे तुकडे दूरवर उडतात. म्हणून पात्र कोणतेही असो, वायू बाहेर जाण्यास वाट हवी. पहिल्या टप्प्यात स्वच्छ कापड बांधावे किंवा झाकण सैल ठेवावे. पुढे पाण्याची झडप, म्हणजेच एअरलॉक बसवावा. फेस वर येत असल्याने पात्राचा एक चतुर्थांश भाग रिकामा ठेवावा.

काचेचे गुण व मर्यादा

काच आम्लाला दाद देत नाही, वास धरून ठेवत नाही आणि तिच्यातून हवा आरपार जात नाही. आतील साका किती बसला, रस निवळला का, हे बाहेरून दिसते. गुळगुळीत पृष्ठभागामुळे ती पूर्णपणे स्वच्छ होते.

मर्यादाही तितक्याच ठळक आहेत. २० लिटरचा काचेचा बुधला रिकामा असतानाच सुमारे ६ ते ७ किलो वजनाचा असतो व भरल्यावर २५ किलोच्या पुढे जातो. ओल्या हातातून तो निसटल्यास गंभीर इजा होऊ शकते. त्यामुळे तो मानेला धरून कधीही उचलू नये. लाकडी पेटीत किंवा वेताच्या टोपलीत ठेवून दोघांनी हलवावा. गार काचेत गरम पाणी ओतल्यास ती तडकते. पारदर्शक काचेतून प्रकाश आत जाऊन रंग व स्वाद बिघडतो, यासाठी बुधल्याभोवती जाड कापड गुंडाळावे. अरुंद तोंडाच्या बुधल्यात गरयुक्त मिश्रण भरणे व काढणे अवघड असते. गराचा थर तोंडाशी अडकल्यास वायूची वाट बंद होण्याचा धोकाही असतो.

प्लॅस्टिकचे गुण व मर्यादा

प्लॅस्टिक हलके, स्वस्त व न फुटणारे आहे. रुंद तोंडाच्या ड्रममध्ये गर ढवळणे, चोथा काढणे व पात्र धुणे सोपे जाते. परंतु सर्व प्लॅस्टिक सारखे नसते. तळाशी असलेल्या त्रिकोणातील अंक पाहावा. २ म्हणजे उच्च घनतेचे पॉलिएथिलीन आणि ५ म्हणजे पॉलिप्रोपिलीन. किण्वनासाठी ही दोन्ही योग्य आहेत. १ म्हणजे पेट. त्यातून हवा तुलनेने कमी झिरपते, पण सुमारे ७० अंशांच्या पुढे ते मऊ पडते, म्हणून त्यात उकळते पाणी घालू नये. ७ या अंकाखाली इतर अनेक प्रकार येतात. पिण्याच्या पाण्याचे पुन्हा पुन्हा वापरले जाणारे अनेक कठीण जार या गटातील पॉलिकार्बोनेटचे असतात. ते किण्वनासाठी घेऊ नयेत.

केवळ अंक पाहून थांबू नये. तो प्लॅस्टिकचा प्रकार सांगतो, अन्नयोग्यतेची हमी देत नाही. अन्नसंपर्कासाठीच्या पॉलिएथिलीनकरिता आयएस १०१४६, पॉलिप्रोपिलीनकरिता आयएस १०९१० आणि पेटकरिता आयएस १२२५२ ही भारतीय मानके आहेत. खरेदी करताना विक्रेत्याकडून अन्नयोग्यतेची खात्री लेखी घ्यावी.

सर्वांत महत्त्वाची सूचना ही आहे की, कीटकनाशक, खत, रंग किंवा औद्योगिक रसायनाचा जुना ड्रम कितीही धुतला तरी वापरू नये. प्लॅस्टिक आपल्या भिंतीत रसायन शोषून घेते. आम्ल व अल्कोहोल यांच्या सहवासात ते पुन्हा बाहेर पडते. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या निळ्या ड्रमचा पूर्वेतिहास ठाऊक नसल्यास तो केवळ पाण्याच्या बागायती वापरापुरताही जपूनच घ्यावा, अन्नासाठी मुळीच नको. लोणच्याचा ड्रम रासायनिकदृष्ट्या सुरक्षित असला तरी त्याचा वास रसाला लागतो.

प्लॅस्टिकचा दुसरा दोष म्हणजे ओरखडे. तारेच्या घासणीने पडलेल्या चरांत जिवाणू घर करतात व जंतुनाशकही तेथवर पोचत नाही. तिसरा दोष म्हणजे त्याच्या भिंतीतून अल्प प्रमाणात प्राणवायू आत झिरपतो.

गोव्याच्या काजू भट्टीचा धडा

झिरपणाऱ्या प्राणवायूचा दोष केव्हा बाधतो आणि केव्हा बाधत नाही, हे समजण्यास गोव्याचे उदाहरण उपयुक्त आहे. काजूच्या बोंडांचा रस आंबवण्यासाठी तेथे पूर्वी मातीची भांडी वापरत. आता बहुतेक ठिकाणी प्लॅस्टिकचे ड्रम आले आहेत. हे किण्वन काही दिवसांतच संपते आणि त्यानंतर रस ऊर्धपातनासाठी जातो. तयार फेणी दीर्घकाळ साठवण्याची पारंपरिक रीत मात्र गर्राफांव या मोठ्या काचेच्या बुधल्याची आहे. २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या या पेयाच्या परंपरेने थोडक्या दिवसांच्या कामाचे भांडे आणि दीर्घ साठवणीचे भांडे वेगळे ठेवले आहे.

त्यामागील शास्त्र सरळ आहे. जोमदार किण्वनाच्या काळात कार्बन डायऑक्साइडचा प्रवाह सतत बाहेर जात असतो. त्यामुळे बाहेरील हवेचा फारसा शिरकाव होत नाही. प्रवाह थांबल्यावर महिनोन्महिने झिरपणारा प्राणवायू वाइनला तपकिरी करतो व आंबट करणाऱ्या जिवाणूंना बळ देतो. अल्कोहोलचे प्रमाण जितके अधिक व साठवण जितकी दीर्घ, तितके प्लॅस्टिकमधील घटक उतरण्याचे भयही वाढते.

निर्णय कसा करावा?

• पहिला टप्पा, ५ ते १० दिवस : अन्नयोग्य, रुंद तोंडाचा प्लॅस्टिक ड्रम. केळीसारख्या गरयुक्त फळांसाठी तो अधिक सोयीचा आहे.

• वाइनचा दुसरा टप्पा व मुरवण : काचेचा बुधला, एअरलॉकसह. येथे वरची रिकामी जागा कमीत कमी ठेवावी.

• व्हिनेगरचा दुसरा टप्पा : येथे प्राणवायू हवाच असतो. रुंद तोंडाची काचेची बरणी किंवा अन्नयोग्य प्लॅस्टिकचे पात्र अर्धे-पाऊण भरून त्यावर दाट विणीचे कापड बांधावे, म्हणजे चिलटे आत जात नाहीत. झाकण धातूचे नसावे.

• तयार व्हिनेगरची साठवण : काचेच्या बाटल्या, तोंडापर्यंत भरलेल्या. किण्वित व्हिनेगरमध्ये ॲसिटिक आम्ल किमान ३.७५ टक्के असावे लागते. म्हणून आम्लता मोजल्याशिवाय बाटल्या भरू नयेत.

स्वच्छता व तापमान

प्लॅस्टिक मऊ कापडाने व कोमट पाण्याने धुवावे. काचेसाठी लांब दांड्याचा ब्रश व धुण्याचा सोडा वापरावा. त्यानंतर १ लिटर पाण्यात १० ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट व तितकेच सायट्रिक आम्ल घालून केलेल्या द्रावणाने पात्र आतून ओले करून निथळावे. या द्रावणाचा वायू तिखट असतो, म्हणून काम मोकळ्या हवेत करावे. दम्याच्या रुग्णांनी ते टाळावे. व्हिनेगरसाठीचे पात्र नंतर स्वच्छ पाण्याने विसळावे, अन्यथा उरलेला गंधकवायू उपयुक्त जिवाणूंनाही मारतो. ब्लीचिंग द्रावण व आम्ल कधीही एकत्र करू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन निघतो.

कुंभकोणम् असो वा विदर्भ, उन्हाळ्यात तापमान ३५ अंशांच्या पुढे गेल्यास यीस्ट मंदावते व किण्वन अर्धवट राहू शकते. काच व प्लॅस्टिक दोन्ही उष्णता सावकाश सोडतात. म्हणून एका मोठ्या पात्राऐवजी दोन-तीन लहान पात्रे घ्यावीत. ती सावलीत, ओल्या गोणपाटाने वेढून ठेवावीत.

केळी प्रक्रियेविषयी तिरुचिरापल्ली येथील राष्ट्रीय केळी संशोधन केंद्र, अन्नप्रक्रियेविषयी तंजावर येथील निफ्टेम आणि द्राक्षांविषयी पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र यांच्याकडे मार्गदर्शनासाठी संपर्क साधावा. गटांना साहित्य खरेदीचा सल्ला देताना विस्तार कार्यकर्त्यांनी प्रत्येक ड्रमचा तळ उलटा करून अंक पाहण्याची आणि त्याचा पूर्वीचा वापर विचारण्याची सवय लावावी. या दोन गोष्टींना पैसा लागत नाही, परंतु त्या टाळल्यास संपूर्ण हंगामाचा माल आणि खाणाऱ्याचे आरोग्य धोक्यात येऊ शकते.