जेवणाच्या पाटावरची लॅटिन
फ्रेंच निबंधकार मोंतेन (जन्म १५३३) तान्हा असतानाच वडिलांनी त्याच्यासाठी फ्रेंच न येणारा जर्मन शिक्षक ठेवला. मुलासमोर आईवडील, अगदी नोकरचाकरसुद्धा, येतील तेवढे लॅटिन शब्दच वापरत. सहा वर्षांचा होईपर्यंत फ्रेंच त्याला परकीच होती! पुढे शाळेत मात्र त्याची लॅटिन बिघडत गेली, सराव तुटला.

आज घरी शिकवताना इतका कडक नियम नको. जेवणापुरती लॅटिन बोललात तरी पुष्कळ. ‘वेनी’ म्हणजे ये, ‘सेदे’ म्हणजे बस. पाणी म्हणजे ‘आक्वा’, पण मागायचं ‘दा मिही आक्वाम’ असं. (हा ‘दा’ आणि संस्कृतातला ‘दा’ धातू एकाच मुळाचे.) ‘आक्वाम’मधला ‘म’ ही द्वितीया, तहानलेलं मूल ती तक्त्याशिवाय उचलतं. चुकलं तर टोकू नका, बरोबर रूप सहज उच्चारून पेला पुढे करा.