कोरडा स्पर्शक आणि पावसाची दूरनोंद

वऱ्हाडात पावसाच्या नोंदीशी शेतकऱ्याचा थेट हितसंबंध गुंतलेला आहे. एखाद्या महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला म्हणजे तेथे अतिवृष्टी झाली, असा निकष शासकीय मदतीच्या कामी लावला जात आला आहे. अमरावती जिल्ह्यातील संत्र्याचा हवामानाधारित विमाही हवामान केंद्राच्या आकड्यांवर अवलंबून असतो. २०१७ साली सुरू झालेल्या ‘महावेध’ प्रकल्पात राज्यभर मंडळवार स्वयंचलित हवामान केंद्रे उभारण्यात आली, आणि पावसाचा आकडा तारेतून येऊ लागला. त्या तारेच्या टोकाशी काय असते, आणि तिची जोडणी कशी केली असता आकड्यावर विश्वास ठेवता येतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

स्वयंचलित केंद्रांत सामान्यतः उलटणाऱ्या पात्राचे पर्जन्यमापक वापरतात. नरसाळ्यातून आलेले पाणी तराजूसारख्या जुळ्या पात्रांपैकी एकात साठते. ते भरले की कलंडते व दुसरे पात्र त्याच्या जागी येते. ही कल्पना सतराव्या शतकातील ख्रिस्तोफर रेन याच्यापर्यंत मागे जाते. नरसाळ्याचे तोंड २० सेंटिमीटर व्यासाचे असेल, तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३१४ चौरस सेंटिमीटर भरते, म्हणून ०.२ मिलिमीटर पावसाला ६.२८ घनसेंटिमीटर पाणी लागते. एवढ्या पाण्याला पात्र एकदा उलटते, आणि ६५ मिलिमीटर म्हणजे अशा ३२५ खेपा होत.

प्रत्येक खेपेस पात्रावरील लहानसा चुंबक एका काचेच्या नळीजवळून जातो. नळीत लोहयुक्त धातूच्या दोन पातळ पट्ट्या असतात. चुंबक जवळ येताच त्या क्षणभर एकमेकींस चिकटतात. हा पट्टी-स्विच १९३६ मध्ये बेल टेलिफोन प्रयोगशाळेतील वॉल्टर एलवुड यांनी शोधून काढला. त्याला स्वतःचे विभव नसते. तो केवळ मंडल जोडतो किंवा तोडतो. म्हणूनच अशा साधनास ‘कोरडा स्पर्शक’ म्हणतात. त्याची स्थिती जाणून घ्यावयाची तर विद्युत्प्रवाह नोंदयंत्राने पुरवावा लागतो.

सर्वांत साधी जोडणी अशी : नोंदयंत्रातील ३.३ व्होल्टच्या टोकापासून १० हजार ओहमचा एक रोधक आगमाच्या टोकास जोडावयाचा, आणि स्पर्शकाच्या दोन तारांपैकी एक आगमास व दुसरी भूपातळीस द्यावयाची. स्पर्शक उघडा असता आगमावर ३.३ व्होल्ट दिसतात. तो मिटला की शून्य दिसते, आणि तारेतून सुमारे एक तृतीयांश मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. काचेत बंदिस्त पट्ट्यांना एवढा प्रवाह पुरतो. मात्र पंपाच्या किंवा दरवाज्याच्या उघड्या स्पर्शकांवर हवेने व धुळीने थर बसतो. तो भेदण्यास काही मिलिअँपिअर प्रवाह द्यावा लागतो.

या साध्या जोडणीत दोन दोष संभवतात. पहिला जादा मोजणीचा. पट्ट्या मिटताना थरथरतात, आणि मिलिसेकंदाच्या अवधीत मंडल अनेकदा जुळते व तुटते. यंत्राने प्रत्येक थरथर मोजली, तर ३३ मिलिमीटरांचा पाऊस ६६ मिलिमीटरांचा भासेल. उपाय सोपा आहे. ताशी २०० मिलिमीटर अशी मुसळधार धरली, तरी ताशी १००० खेपा, म्हणजे दर ३.६ सेकंदांस एक खेप होते. म्हणून एक खेप मोजल्यावर पुढील दोन दशांश सेकंद आगमाकडे दुर्लक्ष केल्यास खरी खेप कधीही निसटत नाही.

दुसरा दोष अधिक घातक आहे. उंदराने तार कुरतडली, अकोल्याच्या उन्हाने वेष्टन तडकले, किंवा जोडटोकाचा स्क्रू सैल झाला, तर आगमावर काय दिसेल? ३.३ व्होल्टच, म्हणजे पाऊस नसताना जे दिसते तेच. यंत्र बिनतक्रार चालू राहील, मुख्यालयास वेळेवर शून्य कळवील, आणि भिजलेल्या शेताचा दिवस कोरडा म्हणून नोंदला जाईल. जादा मोजलेला पाऊस संशय उत्पन्न करतो. शून्याचा संशय सहसा कोणी घेत नाही.

रेल्वेने हा प्रश्न फार पूर्वी ओळखला होता. विल्यम रॉबिन्सन या अमेरिकन अभियंत्याने १८७२ मध्ये रूळ-मंडलाचे एकस्व मिळविले. त्यात रुळांतून सतत प्रवाह वाहत असतो. गाडी आली, रूळ तुटला किंवा बॅटरी संपली, तरी प्रवाह थांबून सिग्नल धोक्याचाच होतो. तेथे बिघाडाला सुरक्षिततेचा आभास निर्माण करता येत नाही. पर्जन्यमापकाच्या तारेसही हे तत्त्व लावता येते.

त्यासाठी स्पर्शकाजवळच, तारेच्या दूरच्या टोकास, दोन रोधक बसवावे : १० हजार ओहमचा एक रोधक दोन तारांमध्ये कायमचा, आणि २२०० ओहमचा दुसरा स्पर्शकाशी एकसर. मग आगमावर चार निरनिराळी विभवे संभवतात. स्पर्शक उघडा असता सुमारे १.६५ व्होल्ट, मिटला असता ०.५ व्होल्ट, तार तुटली तर ३.३ व्होल्ट, आणि दोन तारा एकमेकींस चिकटल्या तर शून्य. कोरडा दिवस आणि तुटलेली तार यांची गल्लत यापुढे होत नाही. याचा खर्च दोन रोधकांचा व सुमारे ०.१७ मिलिअँपिअर अखंड प्रवाहाचा. सौर पट्टीवरील बॅटरीस तो सहज पेलतो. अट एवढीच, की आगमाने केवळ ‘आहे–नाही’ न पाहता विभव मोजले पाहिजे. तारा पिळाच्या व आवरणयुक्त असाव्या, आवरण एकाच टोकास भूमीस जोडावे, आणि विजांचा प्रदेश असल्याने आगमापाशी अतिविभव-रोधक बसवावा.

दूरसंदेशातही हीच दक्षता हवी. मेळघाटाच्या डोंगराळ भागात मोबाईलचे जाळे विरळ आहे. तेथे दर दहा मिनिटांचा स्वतंत्र आकडा पाठविल्यास हरवलेल्या संदेशाबरोबर पाऊसही हरवतो. त्याऐवजी खेपांची एकूण चढती संख्या पाठवावी. पुढचा संदेश पोचताच मधली बेरीज आपोआप मिळते. पाऊस नसतानाही संदेश गेलाच पाहिजे, आणि त्यात तारेची स्थिती असावी. न आलेला संदेश शून्य म्हणून न लिहिता ‘नोंद नाही’ असे लिहावे.

तथापि या जोडणीचीही मर्यादा ध्यानी ठेवावी. नरसाळ्यात पाने अडकली किंवा पात्रावरील चुंबक निखळला, तर तार सुस्थितीत असूनही मोजणी थांबते. म्हणून मृगापूर्वी प्रत्येक केंद्रावर ६२८ घनसेंटिमीटर पाणी थेंबाथेंबाने ओतून १०० खेपा मोजल्या जातात की नाही, हे पाहावे. अमरावती व अकोला येथील विद्यार्थ्यांना अर्ध्या दिवसात करता येईल असा हा प्रयोग आहे. संत्र्याच्या बागेचा किंवा सोयाबीनच्या शेताचा दावा ज्या आकड्यावर ठरावयाचा, तो आकडा देणारी तार शाबूत आहे की नाही, हे त्या आकड्याबरोबरच कळविले गेले पाहिजे.