बेलेंच्या पुढे

दादरच्या गोखले रोडवरचं पोर्तुगीज चर्च आपल्याला बहुतेक पत्ता सांगण्यापुरतं ठाऊक असतं. आजची इमारत चार्ल्स कोरियांनी १९७०च्या दशकात बांधलेली, पण मूळ चर्च १५९६चं. १५३४ ते १६६५ या काळात मुंबईची बेटं पोर्तुगीजांकडे होती. तरीही युरोपची सहल ठरवताना आपण लंडन-पॅरिस धरतो आणि लिस्बन सोडतो. गिरगाव-दादरच्या माणसाने तरी ते सोडू नये.

तेजो नदी समुद्राला मिळते त्या रुंद मुखाशी हे शहर वसलंय. काठावरच्या मोठ्या चौकात पूर्वी राजवाडा होता. याच राजघराण्यातली कातरिना १६६१च्या तहाने इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला दिली गेली आणि तिच्या हुंड्यात मुंबई गेली. गोव्याचा व्हाइसरॉय मेलो द कास्त्रो या व्यवहाराविरुद्ध कळवळून लिहीत राहिला, पण १६६५मध्ये ताबा द्यावाच लागला. तो राजवाडा आणि पूर्वेच्या व्यापाराचं दप्तर सांभाळणारं ‘कासा दा इंडिया’ १ नोव्हेंबर १७५५च्या भूकंपात, त्सुनामीत आणि आगीत नष्ट झालं.

नदीकाठी पूर्वेकडे गार्सिया द ओर्ताच्या नावाची बाग आहे. या वैद्याकडे मुंबई बेट भाडेपट्ट्याने होतं. इथल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३मध्ये गोव्यात छापला गेला. मुंबईतला आपला आंबा वर्षातून दोनदा फळतो, असं त्याने त्यात कौतुकाने नोंदवलंय. तो मूळचा ज्यू घराण्यातला. त्याच्या मृत्यूनंतर इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याच्या बहिणीला जिवंत जाळलं आणि १५८०मध्ये त्याची हाडंही उकरून जाळली. बागेत फिरताना एवढं मनात असू द्यावं.

पर्यटकांची खरी गर्दी लिस्बनच्या बेलें भागात. तिथल्या जेरोनिमुश मठात शिरलं की दाराजवळच वास्को द गामाची कबर. दगडात कोरलेले दोरखंड, जहाजं, पाकळ्या पाहून डोळे निवतात. कारागिरी अस्सल आहे, तिला मनापासून दाद द्यावी. पण या वैभवामागे मसाल्याचा पैसा आहे, हेही विसरू नये.

बहुतेक प्रवासी इथूनच परततात. मी म्हणेन, परतू नका. काइश दु सोद्रे स्टेशनहून बेलेंला येणारी लोकल पुढे काशियाशला जाते. तिथल्या तुरुंगात मोहन रानडे होते. सांगलीचे रानडे शिक्षक म्हणून तेव्हाच्या पोर्तुगीज गोव्यात गेले, गोवामुक्तीसाठी आझाद गोमंतक दलात लढले आणि १९५५मध्ये पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले. १९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाला, पण रानडे सुटले नाहीत. गोव्याने मोकळा श्वास घेतल्यावरही सात वर्षं त्यांनी परक्या देशातल्या कोठडीत काढली! त्यांच्या सुटकेसाठी इकडे सुधीर फडके झटत होते. दादरा-नगर हवेलीच्या मुक्तिलढ्यात स्वतः उतरलेला हा गायक दादरलाच राहायचा. रानडे अखेर जानेवारी १९६९मध्ये सुटले.

काशियाशचा तुरुंग आजही वापरात आहे, आत जाता येत नाही. मात्र शहरातल्या मुख्य कॅथेड्रलजवळ जुन्या अल्जुबे तुरुंगात २०१५पासून संग्रहालय आहे. हुकूमशहा सालाझारच्या राजवटीने राजकीय कैद्यांना कसं वागवलं, ते तिथे पाहता येतं. लिस्बनला जाणाऱ्यांनी बेलेंसाठी सोमवार टाळावा, मठ बंद असतो. आणि अल्जुबेसाठी अर्धा दिवस राखून ठेवावा.