पुणे ते बेंगळुरू : या सहलीचे वाटाडे तुम्ही!

बालमित्रांनो, दिवाळीची सुट्टी तोंडावर आली की घराघरांत एक बेत शिजायला लागतो. "यंदा गाडीनंच जाऊ या का?" कुणाची आत्या बेंगळुरूला असते, कुणाचा दादा तिथं नोकरीला लागलेला असतो. रेल्वेचं आरक्षण मिळत नाही आणि दारात गाडी तर उभीच असते! मग बाबा मोबाइलवर बोट फिरवतात आणि जाहीर करतात, "चौदा तास! पहाटे तीनला निघू, संध्याकाळी पाचला आत्याकडे चहा!"

थांबा! तुमचं काम इथंच सुरू होतं. एक वही आणि पेन्सिल घ्या. या सहलीचे वाटाडे तुम्ही.

किलोमीटर नको, तास मोजा

पुणे ते बेंगळुरू अंतर साधारण ८४० किलोमीटर. ताशी ६० किलोमीटरच्या सरासरीनं ८४० भागिले ६०, म्हणजे १४ तास. मोबाइलचं गणित बरोबर आहे. पण ते फक्त चाकं फिरण्याचं गणित आहे, बरं का! सकाळचा नाश्ता, दुपारचं जेवण, आजीचे गुडघे मोकळे करणं, छोटीला "शू आली" म्हणून थांबणं, पेट्रोल भरणं, टायरची हवा बघणं, हे त्यात कुठंच नाही. ते सारं मिळवा. चौदाचे अठरा तास सहज होतात. म्हणजे पहाटे तीनला निघालेले बाबा रात्री नऊलाही बेंगळुरूच्या गर्दीत स्टिअरिंग धरून बसलेले असतील. आणि तीनला निघायचं म्हणून ते उठले किती वाजता? दोनला! बॅगा भरून झोपले अकराला. झोप झाली किती? तीन तास!

आता या बेताकडे पुन्हा बघा. मागच्या सीटवर तुम्ही हवं तेव्हा पेंगू शकता. गाडी चालवणाऱ्या माणसाला ती सोय नाही. म्हणून लांबच्या प्रवासाची आखणी त्याच्या झोपेपासून करायची. ठिकाणं, हॉटेलं, खाऊ हे सगळं त्यानंतर.

चार सेकंदांची डुलकी

ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला किती मीटर? ९०,००० भागिले ३,६००. उत्तर २५ मीटर. थकलेल्या माणसाचे डोळे नकळत चार सेकंद मिटले, तर तेवढ्या वेळात गाडी १०० मीटर पुढं जाते. शाळेतली शंभर मीटरची शर्यत आठवा. तेवढं अंतर गाडी एकटीच धावते, बघणारं कुणी नाही!

ही डुलकी सांगून येत नाही. मध्यरात्रीनंतर, विशेषतः दोन ते सहा या वेळात, आपलं शरीर झोप मागतं. दुपारी जेवणानंतर दोन ते चारच्या सुमाराला पुन्हा तसंच होतं. शाळेत पाचव्या तासाला तुमचे डोळे का जड होतात, ते आता कळलं ना? खिडकी उघडून वारा घेतला, मोठ्यानं गाणी लावली, तोंडावर पाणी मारलं की थोडा वेळ तरतरी वाटते. झोप मात्र झोपेनंच भागते.

बस-ट्रक चालवणाऱ्या कामगारांसाठी आपल्या देशात १९६१ साली एक कायदा झाला. सर्वसाधारणपणे दिवसाला ८ तास काम, आणि सलग पाच तास होण्याच्या आत किमान अर्धा तास विश्रांती, असं त्यात ठरवून दिलं होतं. रोज गाडी चालवण्याची सवय असलेल्या माणसांसाठीसुद्धा एवढी काळजी! मग वर्षातून एखाद्या वेळी लांब जाणाऱ्या बाबांनी किंवा आईनं चौदा तास का चालवायचं? घरच्या गाडीला असा कायदा कुणी लावत नाही. तो तुम्ही लावा. वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहा : दिवसाला गाडी चालवायची ती ८ तास. दर दोन तासांनी थांबा. अंधार पडायच्या आत मुक्काम.

पहिला दिवस : पुणे ते हुबळी

हा नियम लावला की सहल आपोआप दोन दिवसांची होते. मधला मुक्काम कुठं? नकाशा उघडा. पुण्यापासून सुमारे ४३५ किलोमीटरवर हुबळी आहे. जवळजवळ बरोबर मध्यावर!

आता वेळापत्रक मांडू. आदल्या रात्री बॅगा आठलाच भरून गाडीत, आणि साडेनऊला सगळे अंथरुणात. सकाळी ६ वाजता प्रस्थान. ८ वाजता सातारा (११० कि.मी.), नाश्ता. पावणेनऊला निघून पावणेअकराला कोल्हापूर (२३० कि.मी.). तिथं अर्धा तास पाय मोकळे. सव्वा वाजता बेळगाव (३४० कि.मी.), जेवण. जेवण हलकंच बरं! आणि जेवल्यावर गाडी चालवणाऱ्यानं वीस मिनिटं आडवं व्हायचं. त्या वेळात आवाज करायचा नाही, ही जबाबदारी तुमची. अडीचला निघून साडेतीनला कित्तूर. तासभर किल्ला बघून साडेपाचला हुबळी. चालवण्याचे तास मोजा : दोन, दोन, दोन, एक, एक. झाले आठ!

कित्तूर का निवडलं? जेवणानंतरचा सुस्तीचा वेळ तिथं गाडीबाहेर जातो. शिवाय ते महामार्गाच्या अगदी जवळ आहे. राणी चन्नम्मानं इथं १८२४ च्या ऑक्टोबरमध्ये इंग्रजांच्या फौजेला हरवलं. इंग्रजांचा अधिकारी थॅकरे त्या लढाईत मारला गेला. १८५७ च्या उठावाच्या तेहतीस वर्षं आधीची ही गोष्ट!

पुढं धारवाड लागतं. पेढे घ्याच, आणि ते खाताना द. रा. बेंद्रे हे नाव लक्षात ठेवा. त्यांच्या घरात मराठी बोलली जाई. कविता मात्र त्यांनी कन्नडमध्ये लिहिल्या आणि ज्ञानपीठ पुरस्कार मिळवला. हुबळीजवळच्या कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे गाणं शिकलेले भीमसेन जोशी पुढं पुण्याचे झाले. या रस्त्यावरून माणसांची आणि भाषांची ये-जा फार जुनी आहे.

हुबळीत संध्याकाळी उत्साह उरला असेल तर रेल्वे स्टेशन बघा. २०२३ साली सुरू झालेला तिथला फलाट १,५०७ मीटर लांब आहे. जगातला सर्वांत लांब फलाट म्हणून तो ओळखला जातो.

दुसरा दिवस : हुबळी ते बेंगळुरू

सकाळी साडेसहाला निघा. पावणेनऊला दावणगेरे, सुमारे १४५ कि.मी. इथला लोण्याचा डोसा, म्हणजे 'बेण्णे दोसे', प्रसिद्ध आहे. साडेनऊला निघून साडेदहाला चित्रदुर्ग. या किल्ल्याला एकामागून एक सात तटांचे वेढे आहेत. हैदर अलीचे सैनिक तटातल्या एका चिंचोळ्या फटीतून आत शिरू लागले, तेव्हा पहारेकऱ्याच्या बायकोनं, ओबव्वानं, हातातल्या मुसळानं त्यांना अडवलं, अशी तिथली कथा आहे. ती फट आजही दाखवतात. किल्ला आणि जेवण मिळून सव्वा वाजेल. सव्वातीनला तुमकूर, अर्धा तास चहा. मग उरले फक्त ७० किलोमीटर. पण त्याला दोन तास धरा. मोठ्या शहरातले शेवटचे पंचवीस किलोमीटर फार वेळ खातात! तरी पावणेसहाला आत्याच्या दारात.

चहा पाचलाच मिळेल, फक्त दुसऱ्या दिवशी आणि पाऊण तास उशिरा. काय बिघडलं?

काय गाळायचं?

आखणीतलं सर्वांत अवघड काम हेच. दावणगेरे जिल्ह्यात होदिगेरे गावी शहाजीराजांची समाधी आहे. १६६४ च्या जानेवारीत शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून त्यांचा तिथं अंत झाला. बघावीशी वाटणारच. पण त्यासाठी महामार्ग सोडून वाट वाकडी करावी लागते. ती जोडली तर बेंगळुरूला पोचेपर्यंत रात्र होईल. मग एक तर चित्रदुर्ग सोडा, नाहीतर एक मुक्काम वाढवा. दोन्ही एकाच दिवसात कोंबायचं नाही. वहीत 'पुढच्या खेपेला' असं एक पान ठेवा आणि गाळलेली ठिकाणं तिथं लिहा. पावसाळ्यात जाणार असाल तर बातम्याही बघा. २०१९ आणि २०२१ साली पंचगंगेचं पाणी चढल्यानं हाच महामार्ग कोल्हापूरजवळ बंद झाला होता.

वाटाड्याची वही

निघण्याच्या चार दिवस आधी ही यादी बाबांना वाचून दाखवा :

• टायरची हवा आणि स्टेपनीचीही. जॅक, पाना डिकीत आहे ना?
• ब्रेक, दिवे, वायपर, इंजिन ऑइल, कूलंट गॅरेजमध्ये दाखवले का?
• लायसन्स, आर. सी., विमा, पी. यू. सी. मुदतीत आहेत का?
• फास्टॅगमध्ये पैसे आहेत का? २०२१ च्या फेब्रुवारीपासून तो सक्तीचा आहे.
• पेट्रोलचं गणित : गाडी लिटरला १५ किलोमीटर देत असेल, तर ८४० भागिले १५, म्हणजे ५६ लिटर.
• पाणी, औषधं, ओकारीसाठी पिशव्या, आल्याच्या वड्या, बॅटरी.
• राष्ट्रीय महामार्गावरच्या मदतीसाठी १०३३ आणि कुठल्याही संकटात ११२. हे कागदावर लिहा, मोबाइल बंद पडू शकतो!

जड बॅगा डिकीत खाली ठेवा. मागच्या काचेजवळ डबा, छत्री असं काही ठेवू नका. करकचून ब्रेक लागला की ते पुढं उडतं.

गाडी लागत असेल तर पुस्तक आणि मोबाइल मिटा आणि लांबवर बघा. त्यासाठी एक छान खेळ आहे, नद्या मोजण्याचा. नीरा, कृष्णा, कोयना, वारणा, पंचगंगा, दूधगंगा, घटप्रभा, मलप्रभा, तुंगभद्रा, वेदवती. आता कोडं : या सगळ्यांचं पाणी शेवटी कुठल्या एका नदीत जातं? (कृष्णेत!) दुसरा खेळ पाट्यांचा. पाट्यांवर बेळगावचं बेळगावी, हुबळीचं हुब्बळ्ळी, तुमकूरचं तुमकूरु दिसेल. ही नावं २०१४ च्या १ नोव्हेंबरला बदलली. चार कन्नड शब्दही शिकून घ्या : नीरु म्हणजे पाणी, ऊट म्हणजे जेवण, एडक्के म्हणजे डावीकडे, बलक्के म्हणजे उजवीकडे. रस्ता विचारताना उपयोग होईल.

आई-बाबांसाठी

पालकहो, केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मृत्युमुखी पडली. दिवसाला सरासरी ४६२. त्यांतले बहुसंख्य मृत्यू अतिवेगाच्या अपघातांतले होते. उशीर झाला की वेग वाढतो, आणि उशीर होतो तो बहुधा घरीच केलेल्या चुकीच्या हिशेबामुळं.

मागच्या सीटवरही पट्टा हवाच. गाडी अचानक थांबली तरी आतला माणूस त्याच वेगानं पुढं जात राहतो. विज्ञानाच्या पुस्तकातलं जडत्व ते हेच. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा त्याच्यासाठीची खास सीट नसेल, तर मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार १,००० रुपये दंड आहे. लहानग्याला मांडीवर घेऊन पुढं बसू नका. धक्का बसला तर हातांची मिठी पुरत नाही.

आणि एक विनंती. मुलांनी "आता थांबू या" म्हटलं, तर "अजून थोडं पुढं" म्हणू नका.

हा हक्क तुमचा

दोस्तांनो, वाटाड्याला एक मोठा अधिकार असतो, गाडी थांबवायला सांगण्याचा. गाडी चालवणारं माणूस सारखं जांभया देतंय, डोळे चोळतंय, गाडी पट्टा सोडून बाजूला सरकतेय, किंवा आत्ताच गेलेली पाटी कुठली हे त्याला आठवत नाही, असं दिसलं की गप्प बसायचं नाही. "बाबा, पुढच्या ढाब्यावर थांबू या, मला चहाचा वास येतोय!" असं हसत म्हणा. भर महामार्गाच्या कडेला मात्र गाडी उभी करायला लावू नका. पेट्रोल पंप, हॉटेल किंवा टोलनाक्याजवळची मोकळी जागा गाठा. वीस मिनिटांची झोप झाली की पुढचा रस्ता.

कुणी म्हणेल, "एवढ्याशा पोराचं काय ऐकायचं?" तेव्हा वही पुढं करा. तुमची आकडेमोड बरोबर असेल तर मोठी माणसंही ऐकतात. मग, पहिल्या पानावर काय लिहायचं ते लक्षात आहे ना?