गुडघेदुखी: व्यायाम की इंजेक्शन, आणि खर्च कोणाचा?

पन्नाशी उलटली की मंडळाच्या कार्यक्रमांत मुलांच्या परीक्षांऐवजी गुडघ्यांच्या गप्पा सुरू होतात. माझ्या उजव्या गुडघ्याचा एक्स-रे पाहून ऑर्थोपेडेने 'आर्थ्रोजे' असे निदान केले. म्हणजे आपल्या भाषेत गुडघ्याची झीज. त्याच भेटीत हायलुरॉनच्या पाच इंजेक्शनांचा पर्यायही सुचवला गेला. खर्च सुमारे 300 युरो, आणि तो माझा मीच करायचा. घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही, तेव्हा निर्णय महत्त्वाचा होता. मी विचाराला आठवडाभर मागून घेतला. त्या काळात जी माहिती जमवली, ती इतरांच्याही उपयोगी पडावी म्हणून हा लेख.

झिजलेल्या सांध्याला व्यायाम कसा चालेल, ही शंका अनेकांना येते. गुडघ्यातील कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. सांधा दाबला गेला आणि सुटला की सांध्यातील द्रव आत-बाहेर होतो आणि त्यातूनच कूर्चेचे पोषण होते. शिवाय मांडीचे स्नायू बळकट असतील तर गुडघा स्थिर राहतो आणि चालताना बसणारे धक्के ते झेलतात. वजनाचाही हिशेब लक्षात ठेवण्याजोगा आहे: शरीराचे 1 किलो वजन कमी झाले, तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे 4 किलोंनी घटतो.

व्यायाम साधेच आहेत. हातांचा आधार न घेता खुर्चीवरून सावकाश उठणे-बसणे, उताणे झोपून पाय सरळ ठेवून उचलणे, कमी उंचीच्या पायरीवर चढ-उतार, सायकल. व्यायामानंतर थोडे दुखले आणि दुसऱ्या दिवसापर्यंत थांबले, तर घाबरू नये. सूज आली किंवा दुखणे वाढले, तर प्रमाण कमी करून फिजिओथेरपिस्टला विचारावे. गुण यायला मात्र सहा ते बारा आठवडे लागतात.

आता इंजेक्शनांकडे वळू. ती मुख्यतः तीन प्रकारची.

कॉर्टिझोन: सांधा सुजून फार दुखत असेल, तर काही आठवडे आराम मिळतो. वारंवार घेणे मात्र बरे नाही. 2017 च्या एका अमेरिकन अभ्यासात दर तीन महिन्यांनी दोन वर्षे कॉर्टिझोन घेणाऱ्यांची कूर्चा साध्या मिठाच्या पाण्याचे इंजेक्शन घेणाऱ्यांपेक्षा जास्त झिजली, वेदनांत मात्र फरक पडला नाही. 2020 मध्ये 156 रुग्णांवर झालेल्या तुलनेत वर्षअखेरीस फिजिओथेरपीचा गट कॉर्टिझोनच्या गटापेक्षा सरस ठरला. मधुमेहींनी हेही लक्षात ठेवावे की या इंजेक्शनानंतर काही दिवस साखर वाढू शकते.

हायलुरॉन: 2022 मध्ये 169 चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यानुसार फायदा इतका थोडा, की रुग्णाला तो क्वचितच जाणवावा.

स्वतःच्या रक्तातील प्लाझ्मा, म्हणजे पीआरपी: 2021 मध्ये ऑस्ट्रेलियात 288 रुग्णांवर झालेल्या चाचणीत वर्षानंतर वेदना आणि कूर्चा या दोन्ही बाबतींत ते मिठाच्या पाण्याहून सरस ठरले नाही.

पैशांची बाजू अशी. हायलुरॉन आणि पीआरपी सरकारी क्रांकेनकासे सहसा देत नाही. ती 'ईगेल' म्हणजे स्वखर्चाच्या सेवांत मोडतात. अशा सेवेचा अंदाजी खर्च आधी लेखी मिळण्याचा आपल्याला हक्क आहे, आणि त्याच दिवशी सही करण्याचे बंधन नाही. खाजगी विमा असलेल्यांनी आपल्या कंपनीला आधीच लेखी विचारावे. उलट, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या क्रांकेनगिम्नास्टिकला 2025 च्या नियमांनुसार दर चिठ्ठीमागे 10 युरो आणि खर्चाच्या 10 टक्के एवढाच वाटा भरावा लागतो. वर्षभरातील असे वाटे कुटुंबाच्या ढोबळ उत्पन्नाच्या 2 टक्क्यांवर (दीर्घ आजार असल्यास 1 टक्क्यावर) गेले, की कासेकडून सूट मागता येते. त्यासाठी पावत्या जपून ठेवाव्यात. 'रेहास्पोर्ट' मंजूर झाला, तर साधारणपणे 18 महिन्यांत 50 वर्ग मिळतात.

मी क्रांकेनगिम्नास्टिकची चिठ्ठी मागितली आणि पुढे रेहास्पोर्ट सुरू केला. एक्स-रे बदललेला नाही, पण तीन महिन्यांनी बाजाराची पिशवी घेऊन तिसरा मजला चढणे जमू लागले.

शस्त्रक्रियेबद्दल दोन गोष्टी. केवळ झिजेसाठी दुर्बिणीने गुडघा साफ करण्याचा खर्च सरकारी कासेने 2016 पासून बंद केला आहे, कारण फायदा सिद्ध झाला नाही. कृत्रिम गुडघा सुचवला गेला, तर 2021 पासून दुसऱ्या तज्ज्ञाचे मत कासेच्या खर्चाने घेता येते. तो हक्क जरूर वापरावा.

गुडघा लाल आणि गरम झाला, ताप आला किंवा पायावर उभेच राहता येईना, तर मात्र व्यायाम थांबवून लगेच डॉक्टर गाठावा. एरवी पुढच्या भेटीत दोन प्रश्न जरूर विचारावेत: "याने मला किती काळ आराम पडेल?" आणि "आधी व्यायामाची चिठ्ठी देता का?"