गाणं शिकवायचं, तर वर्षाची आखणी करा

मंडळी, मृग लागण्याआधीच शेतकरी वर्षाच्या पिकांचा हिशेब मनाशी मांडतो. मुलाला गाणं शिकवायचं, तर तसाच हिशेब मांडावा लागतो.

जूनमध्ये शाळेबरोबरच शिकवणी सुरू करा. रोज अर्धा तास, तोही शक्यतो ठरल्या वेळी. आषाढात गुरुपौर्णिमा येते. तेव्हा मुलाला जेमतेम महिना झालेला असतो. चार अलंकार आणि एक प्रार्थना एवढंच त्याच्याकडून म्हणवून घ्या. मी एकदा हौसेनं एका मुलाला राग गायला बसवलं. तो भर सभेत अडला आणि पुन्हा शिकायला आलाच नाही! चूक माझी होती, त्याची नव्हे.

श्रावणापासून भूप घ्या. त्यात मध्यम आणि निषाद नाहीत, पाचच स्वर. तो गळ्यात बसला की दिवाळीनंतर दुर्गा. त्यातही पाचच स्वर, पण गंधार जातो आणि मध्यम येतो. हा फरक मुलाला कानानं कळू द्या.

त्यासाठी ऐकणं हवं. पंडित भीमसेन जोशी यांनी आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ 1953 मध्ये पुण्यात महोत्सव सुरू केला. तो डिसेंबरात भरतो. जाणं जमलं तर उत्तमच. नाहीतर गावचं भजन आहे, रेडिओ आहे. ऐकताना एवढंच विचारा, "बाळ, मध्यम लागला का रे?"

परीक्षा उन्हाळ्यात द्या. पण परीक्षेसाठी घोकलेला राग परीक्षेबरोबर जातो; कानानं ओळखलेला राग जन्मभर सोबत करतो.